दोन्ही पॅकेट समान

ठाण्यातल्या ज्या कंपनीत मी तेव्हा होतो तिथे एक काळी पेटी बनायची, जेवणाच्या डब्याएवढी, मागे केबली जोडायला भोकं असलेली. छोटी हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब, दोन-तीन शाखांची दुकानं असे लोक ती घ्यायचे. एका शाखेतली माहिती दुसऱ्या शाखेत धडपणे पोचवायची, एवढंच तिचं काम. नेटवर्कवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. त्या एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. वर पत्ता, वेळ, लांबी असे आकडे आणि पोटात मजकूर. पेटीचं नवं सॉफ्टवेअर तयार झालं की तीच पॅकेटं एकदा जुन्या पेटीतून आणि एकदा नव्या पेटीतून सोडायची, आणि बाहेर पडताना ती सारखीच राहतात का ते बघायचं. हे बघायचं काम ऑफिसातल्या एका मुलीकडे होतं.

मी लागलो तेव्हा ती पॅकेटं कागदावर छापून घ्यायची. दोन पानं शेजारी ठेवून पट्टीने एकेक ओळ खाली सरकत जायची. पानभर नुसते आकडे आणि अक्षरं. मी पहिल्या दिवशी विचारलं, "डोळे दुखत नाहीत?"

"दुखतात," ती म्हणाली. "पण मशीनवर टाकलं की मशीन सगळ्यालाच फरक म्हणतं. वेळ बदलली तरी फरक. त्यापेक्षा हे बरं."

मग मी तिच्यासाठी एक लायब्ररी लिहायला घेतली. लायब्ररी म्हणजे प्रोग्राममध्ये जोडून घ्यायचा तयार कोड, मदतनीस म्हणा. ती पॅकेट उघडून आतले आकडे माणसाला वाचता येतील असे मांडायची, आणि दोन पॅकेटं दिली की फरक कुठे आहे ते सांगायची. फरक नसेल तर एकच ओळ यायची: दोन्ही पॅकेट समान. हे शब्द तिनेच सुचवले होते. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, पण तिने हट्टाने मराठीत ठेवायला लावलं. "दिवसभर हेच वाचायचंय मला," ती म्हणाली, "निदान आपल्या भाषेत तरी वाचू दे."

काय दाखवायचं आणि काय नाही ते सगळं तिने ठरवलं. मी फक्त लिहीत गेलो. वेळ दरवेळी बदलणार, ती सोडून द्यायची. असे सोडून द्यायचे आकडे एका यादीत होते. नव्या पेटीत प्रत्येक पॅकेटच्या वरच्या भागात आमची स्वतःची एक खूण जोडली जाऊ लागली, त्यामुळे लांबीचा आकडाही कायम वेगळा यायला लागला. मी लांबी त्या यादीत टाकली.

तिने पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "लांबी सोडायची? पॅकेट तोकडं आलं तर कळेल कसं?"

"अगं, आतला मजकूर आपण अक्षर न् अक्षर तपासतोय ना. तोकडं आलं तर तिथे कळेल."

"नक्की?"

"नक्की."

मी जरा वैतागूनच बोललो होतो. तिने माझ्यावर भरवसा ठेवला.

तोवर आमचं जमलेलं होतं. तसं कधी बोलून ठरलं नाही. संध्याकाळी सुटलो की नौपाड्यातून चालत स्टेशनकडे यायचो, वाटेत एका छोट्या हॉटेलात बसायचो. ती बटाटेवडा अर्धा करून मोठा अर्धा माझ्याकडे सरकवायची. मला डोंबिवलीला जायचं असायचं आणि तिला उलट दिशेने बाळकुमला, तरी ती स्टेशनपर्यंत यायची आणि मग रिक्षाने परत जायची. एका रविवारी तिने मला घरी नेलं. बाळकुमला टॉवरांच्या मधोमध त्यांचं जुनं बैठं घर अजून उभं होतं. तिच्या वडिलांनी तरुणपणी मिठागरावर काम केलेलं. नंतर जमिनी गेल्या, आजूबाजूला कॉम्प्लेक्स झाली, पण ते घर त्यांनी दिलं नव्हतं. मोजकं बोलायचे. मी काय काम करतो ते मी त्यांना समजावायला गेलो, तर हसून म्हणाले, "मना त्या मशीनीतला काय कलत नाय. तुमी दोगा एकाच ठिकानी हाव, ता कललं."

घरी परत येताना मी आईला फोन करून सांगून टाकलं. आई म्हणाली, "मुलगी आणून दाखव आधी." आवाजावरून ती खूश होती हे कळत होतं.

मी हे का सांगतोय, तर माझ्याकडे गमवायला काय होतं ते मला ठाऊक होतं. अजाणतेपणी झालं असं मला म्हणता येणार नाही.

पेटीची नवी आवृत्ती बाहेर गेली आणि तीन आठवड्यांनी एका लॅबची तक्रार आली. त्यांच्या दोन शाखा होत्या. एका शाखेतून गेलेले रिपोर्ट दुसऱ्या शाखेत शेवटची ओळ कापून पोचत होते. सगळे नाही, काही लांबलचक रिपोर्टच. एका बाईंच्या रिपोर्टात शेवटची ओळ नाही हे डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. कोणाला इजा झाली नाही. पण लॅबवाले चिडले आणि बरोबरच होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग झाली. टेस्टच्या रिपोर्टावर तिची सही होती. आमचे मॅनेजर आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही टेस्ट तू केली होतीस?"

"केली होती, सर. निकाल समान आला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या लायब्ररीत काही आहे का?"

"बघतो, सर," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी जागेवरच बसून राहिलो आणि कोड उघडला. वीस मिनिटंही लागली नाहीत. आतला मजकूर तपासताना माझा कोड दोन्ही पॅकेटांतलं एकेक अक्षर जोडीने घ्यायचा, आणि ज्या पॅकेटातली अक्षरं आधी संपतील तिथे थांबायचा. दुसऱ्यात अजून काही उरलंय का, हे बघायचाच नाही. म्हणजे पॅकेट शेपटीकडून कापलं गेलं असेल तर जेवढं उरलं तेवढं जुळायचं आणि ओळ यायची, दोन्ही पॅकेट समान. लांबी तपासली असती तर पकडलं गेलं असतं. लांबी मी सोडून दिली होती. तिने विचारलं होतं आणि तरी मी सोडून दिली होती.

ती दोन टेबलं पलीकडे डबा न उघडता बसली होती.

मी उठून तिच्याकडे जायला हवं होतं. त्याआधीची माझी नोकरी वर्षभरातच गेली होती. पाच महिने घरी बसलो होतो. बिल्डिंगमधल्या लोकांना चुकवायला वडील मला सकाळी लवकर बाहेर पडायला सांगायचे आणि मी कल्याणपर्यंत जाऊन परत यायचो. या कंपनीत मला आठच महिने झाले होते, पक्कं केल्याचं पत्र यायचं होतं. हे सगळं त्या मिनिटाला डोक्यात आलं. हे कारण म्हणून मी सांगत नाही, घडलं तसं सांगतोय.

मी एक ओळ बदलली. आधी दोन्हींची अक्षरं मोजायची, मग जुळवायची. बदल जमा करताना काय बदललं ते दोन शब्दांत लिहावं लागतं. तिथे मी लिहिलं, 'मायनर क्लीनअप'. किरकोळ साफसफाई.

संध्याकाळी मॅनेजरांनी विचारलं, "काही निघालं?"

"नाही, सर. टूल ठीक आहे."

त्या घडीला ते ठीक होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढे काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. मॅनेजरांनी दुसऱ्या दिवशी तीच टेस्ट स्वतः चालवून पाहिली. लायब्ररीने लगेच फरक दाखवला. त्यातून त्यांनी सरळ अर्थ काढला: हिने टेस्ट केलीच नाही, न बघता सही ठोकली. आधी ती फक्त हलगर्जी ठरत होती, आता खोटारडी ठरली. केबिनचं दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, मी टेस्ट केली होती," ती म्हणाली.

"मग आत्ता वेगळा निकाल कसा येतो?"

"मला माहीत नाही, सर."

"टूल त्याने तपासलंय. टूलमध्ये काही नाही."

ती बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. पंधरा दिवसांत जायला सांगितलं होतं. राजीनामा दे, म्हणजे कागदावर काही येणार नाही, असं सांगून तिच्याकडून लिहून घेतलं.

उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो. मग वाटायचं, आता राजीनामा गेलाच आहे, आता सांगून माझीही जाईल, दोघं घरी बसू, त्यापेक्षा एकाची तरी राहू दे. लग्न झाल्यावर कधीतरी सांगेन. ती समजून घेईल. असलं काय काय मी मनात जुळवत होतो.

तिच्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी आम्ही नौपाड्यातल्या त्याच हॉटेलात बसलो. तिने चहाच मागवला. जरा वेळ माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मग कपाकडे बघत म्हणाली, "तू टूल तपासलंस ना रे?"

"तपासलं."

"काही नाही सापडलं?"

"नाही."

"म्हणजे चूक माझीच."

"अगं, होतं असं. कामाच्या घाईत राहून गेलं असेल."

हे मी बोललो. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे वाक्य. मग तिने पुन्हा विचारलं, अगदी हळू आवाजात, "नक्की काही नव्हतं?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. चहा संपवला. स्टेशनपर्यंत आली नाही, तिथूनच रिक्षा केली.

महिन्याभराने तिचा फोन आला. घरचे तयार नाहीत, म्हणाली. मी विचारायला हवं होतं की कोण तयार नाही, तिचे वडील तर मला स्वतःहून बोलवत होते. मी काहीच विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणालो. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि त्याच रडण्यात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, की आता सांगावं लागणार नाही. दुःखापेक्षा त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला जास्त लाज वाटते.

आई बरेच दिवस विचारत राहिली. पक्कं केल्याचं पत्र आलं. वडिलांनी पेढे वाटले.

दोन वर्षं गेली. मधल्या काळात कंपनीने ती लायब्ररी, जुन्या आवृत्त्यांसकट, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली होती. मी कंपनी सोडली, पण लायब्ररीची देखभाल माझ्याकडेच राहिली. एक दिवस कुठल्याशा परक्या माणसाचा लायब्ररीच्या पानावर प्रश्न आला. लिहिणाऱ्याने जुनी आवृत्ती वापरली होती आणि त्याच्याकडे तोकडी पॅकेटं 'समान' म्हणून निघाली होती. त्याने विचारलं होतं, ही चूक कुठल्या आवृत्तीत दुरुस्त झाली? बदलांच्या यादीत कुठेच उल्लेख कसा नाही? जुने निकाल आम्ही खरे धरून बसलो आहोत.

साधा प्रश्न होता. उत्तर मला तोंडपाठ होतं. तीन दिवस मला ते लिहिता आलं नाही. चौथ्या दिवशी मी जुन्या ऑफिसातल्या एकाला फोन करून ती कुठे असते ते विचारलं. कल्याणला एका क्लासमध्ये नेटवर्किंग शिकवते, तो म्हणाला.

क्लास बाजारपेठेत होता, खाली भांड्यांचं घाऊक दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दुपारची बॅच सुटत होती. मुलं जिन्यावरून उतरली आणि मी वर गेलो. ती फळा पुसत होती. थोडी वाळली होती. मला बघून दचकली नाही.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो नाही. येताना सगळं मनात बांधून आणलं होतं, ते तिथे सुचेना. "माझ्या कोडमध्ये चूक होती," मी म्हणालो. "तू टेस्ट केली होतीस. तुला समान असंच आलं असणार. मी नंतर गुपचूप दुरुस्त केलं."

तिने डस्टर खाली ठेवलं. "माहितीये मला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"शेवटचे पंधरा दिवस माझं लॉगिन चालू होतं," ती म्हणाली. "माझं काय चुकलं ते मला कळत नव्हतं. म्हणून तीच दोन पॅकेटं मी परत चालवली. फरक आला. मग मी जुना कोड काढला आणि नवा काढला. शेजारी शेजारी ठेवून बघितलं. एकच ओळ होती. तारीख मीटिंगच्या दिवसाची, वेळ दुपारची. मी डबा घेऊन बसलेले तेव्हाची."

"कधी बघितलंस?"

"गुरुवारी. शनिवारी आपण भेटलेलो."

खालच्या दुकानात कोणीतरी पातेली एकात एक घालत होतं, त्याचा आवाज येत होता. मी बाकावर बसलो.

"मग तू बोलली का नाहीस? सरांना दाखवलं असतंस तर..."

"दाखवणार होते. शुक्रवारी प्रिंटसुद्धा काढलेली." ती माझ्या समोरच्या बाकावर बसली. "मग म्हटलं, आधी तुला विचारते. तू सांगितलं असतंस ना, तर मी ती प्रिंट फाडून टाकली असती. मला नोकरी नको होती रे. मला वाटत होतं तू सांगशील. दोनदा विचारलं मी."

"हो."

"रिक्षात बसल्यावर मला आधी तुझीच काळजी वाटली. हा माणूस आता आयुष्यभर हे घेऊन फिरणार, असं वाटलं. राग मग घरी गेल्यावर आला."

मी माफी मागितली. अजून काय करता येईल, कंपनीला लिहू का, असं काहीबाही बोललो. तिने ऐकून घेतलं.

"लिही," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी म्हणून नको लिहूस. माझं आता बरं चाललंय. मला शिकवायला आवडतं." मग म्हणाली, "एक कर. माझ्या बाबांना जाऊन सांग. मी घरी सांगितलेलं की चूक माझी होती. तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुला दारात उभं केलं नसतं, आणि मला तेव्हा तेही बघवलं नसतं. पण ते अजून नातेवाइकांत माझ्या नोकरीचा विषय निघाला की उठून बाहेर जातात. त्यांना सांग."

"तुला पुन्हा भेटू शकतो का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. रागाने नाही. पुढची बॅच जिना चढत होती.

कंपनीला मी त्याच आठवड्यात लिहिलं. ते मॅनेजर केव्हाच सोडून गेले होते. संबंधित व्यक्तीने स्वतः राजीनामा दिलेला असल्यामुळे नोंदीत बदल करण्यासारखं काही नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. लायब्ररीच्या पानावर मी बदलांच्या यादीत लिहिलं की ही चूक अमुक आवृत्तीपर्यंत होती, ती माझी होती, ती मी लपवून दुरुस्त केली, आणि टेस्ट करणाऱ्या सहकारी बाईंनी लांबीबद्दल आधीच विचारलं होतं. त्या परक्या माणसाने आभार मानले आणि कुठली आवृत्ती घ्यावी ते विचारलं.

बाळकुमला जायला मला आणखी दोन रविवार लागले. ती घरी नसताना मी गेलो, तिला कळवून. तिचे वडील ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला ओळखून त्यांनी आत आवाज दिला, पाणी मागवलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. संगणकातलं त्यांना कळेल असं सांगायला मला जमलं नाही, पण मुद्द्याचं तेवढं त्यांना कळलं.

"म्हंजे माज्या पोरीना काम केला व्हता," ते म्हणाले.

"केलं होतं, काका."

"आन तिना तुला इचारला व्हता."

"दोनदा विचारलं. मी नाही म्हणालो."

ते उठून आत गेले आणि बाहेर येताना एक वही आणि पेन घेऊन आले. वही माझ्या पुढ्यात ठेवली.

"लिवून दे."

"काय लिहू, काका?"

"आता बोल्लास ता. सगला. मराटीत लिव, मना वाचाया यायला पायजे."

मी ओट्याच्या कडेला बसून लिहिलं. एक पान झालं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं. "हितं लिव, तिना आदीच इचारला व्हता. लांबीचा."

मी ते घातलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि सही करायला सांगितलं. मी सही केली. पान वहीतून नीट, कडेला न फाडता त्यांनी सोडवलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वरून हात फिरवला.

"माज्या बायकोला जाऊन वरीस झाला," ते म्हणाले. "तिना शेवटपरयंत पोरीला बोल लावला. कामात ध्यान नव्हता म्हनून."

हे मला माहीत नव्हतं. तिची आई गेल्याचंच मला माहीत नव्हतं. तिने कल्याणला तो विषय काढला नव्हता.

पाणी तसंच राहिलं होतं. मी उठलो. त्यांनी मला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी गेटबाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभा राहिलो. ओट्यावर त्यांनी तो कागद पुन्हा बाहेर काढला होता आणि ते वाचत होते.